डावणी

रोज दहा शब्द.
गिरणाऱ्याहून बस सुटते तेव्हा पहिला,
दुगावला तीन,
गंगापूर गावात उतरेपर्यंत सात.
उरलेले वाईनचे ग्लास पुसताना.
एफेमरल म्हणजे क्षणभर टिकणारं,
तो तर फाट्यालाच गळाला.

करंजकर मॅडम म्हणतात,
‘व्हेरी नाइस’ किती वेळा म्हणशील, हर्षला?
पाहुणे पैसे मोजतात ते विशेषणांचे.

मग अ‍ॅस्ट्रिंजंट.
आठवडाभर घोकला, चव काही येईना.
अर्थ पाहिला: तुरट.
अहो, मग तसं सांगा ना!
कच्च्या जांभळांनी जीभ जड व्हायची
तेव्हापासून येतो मला हा शब्द,
फक्त त्याचं शाळेतलं नाव माहीत नव्हतं.

लिंगरिंग मात्र लगेच बसला.
रेंगाळणं.
दोन्हींच्या नाकात तोच अनुस्वार घुटमळतो.

आई बारा वर्षं दुसऱ्यांच्या बागांत जाते.
तिला विरळणी म्हटलेलं कळत नाही,
ती थिनिंग म्हणते.
थिनिंग, डिपिंग, सबकेन,
कात्रीसारखे कमरेला खोचलेले शब्द,
एकही कुठल्या यादीतून पाठ केलेला नाही.

आणि डावणी.
छाटणीनंतर पानामागे पांढरं दिसलं
की बागेभर हाक जायची, डावणी आली!
लहानपणी मला वाटायचं
ही कुठली तरी देवी,
कोपणारी, नारळ मागणारी.

काल रात्री डी अक्षरात ती भेटली.
डाऊनी.
अर्थ: मऊ लव असलेलं,
पाखराच्या पिलाच्या अंगावर असते तशी.
मी दोनदा वाचलं.
घडच्या घड कुजवून जाणारीला
इतकं मायेचं नाव कोणी ठेवलं?

आईला सांगितलं.
ती बोटावरचं कात्रीचं घट्टं
दगडानं घासत होती.
हात थांबला नाही तिचा.
म्हणाली, बरोबरच हाये की.
पानामागून बोट फिरवून पाह्य कधी,
मऊच लागती.

मी वही उघडली, दहावा शब्द लिहायला घेतला.
ती वाकून बघत होती,
अक्षरं नाही, माझा हात.

म्हणाली, पण दुकानात डाऊनी नको म्हणू हां.
भलतंच औषध देईल तो.