वळणावरची रेघ

खडेबाजारात, भांड्यांच्या दुकानावरचा तो स्टुडिओ.
मला बोलावलं ते घड्याळासाठी.
तीस वर्षं पी.टी. मास्तर होतो खानापुरात.
शिट्टी गेली, गुडघे गेले, स्टॉपवॉच राहिलं.
"बिर्जे मास्तरांचं घड्याळ कुणाचंच न्हवं,"
चॅनेलवाला म्हणाला, आणि मी फुललो,
खोटं कशाला बोलू.

प्रभागाची निवडणूक. दोन खुर्च्या,
मध्ये अँकर, गालावर पावडर.
डावीकडे वडगावची शेवंता हुंदरे,
मागाच्या धुळीनं अधनंमधनं खोकणारी.
उजवीकडे पायगोंडा मगदूम, सिमेंटचे डीलर.
समोर बसलेली माणसं मोजत होती
कोण किती मराठी बोलतंय, कोण किती कन्नड.
आमच्याकडं मोजायला तेवढंच शिकवलंय.
दोघंही दोन्ही बोलले, एकाच वाक्यातसुद्धा.
त्या बाबतीत कुणाला काही सापडलं नाही.

नियम माझाच: अँकरनं बोट दाखवलं की खटका दाबायचा.
तीन मिनिटं. दोघांना सारखी.

मगदूमांकडं बोट गेलं.
"हेळ्री सर, वार्डासाठी काय स्वप्न आहे तुमचं?"
खटका. स्वप्न तीन मिनिटं चाललं.

शेवंताकडं बोट गेलं. खटका.
आणि बोट तसंच हवेत ठेवून तो विचारत राहिला:
तुमच्या नवऱ्यावर सोसायटीची थकबाकी आहे म्हणतात,
गेल्या वेळी तुम्ही म्हणे दुसऱ्यांच्या मांडवात होता,
आणि पाण्याच्या टाकीतलं तुम्हाला काय कळतं,
म्हणजे लोक विचारतात हो, मी नाही.
घड्याळात दोन मिनिटं दहा सेकंद.
तिनं पदर तोंडावरनं काढला. "टाकीचं सांगते आधी..."
टाकी निम्मीसुद्धा भरली नव्हती, मी हात वर केला.
"टाइम मुगीतु, बाई."
ते वाक्य माझं होतं.

परतताना टिळकवाडीचं गेट पडलेलं.
मागनं कुणीतरी हाक मारली.
शेवंता, भावाच्या स्कूटरवर, बहिणीकडं चाललेली.
मला वाटलं भांडेल.
"तुमचं घड्याळ मात्र बरोबर होतं हं," म्हणाली,
जसं जेवण बिघडलेल्या घरी
पाण्याची तारीफ करावी.
मालगाडी लांब होती. मी डबे मोजत राहिलो.

रात्री तेच परत लागलं.
ती बोलताना कॅमेरा मगदूमांच्या हसण्यावर.
मगदूम सिमेंट, मगदूम सळी,
तिच्या हनुवटीखालनं पट्टी धावत होती.
मी टीव्हीसमोर पुन्हा वेळ लावून बघितली.
सेकंदाचाही फरक नाही.

झोप लागेना. मैदान आठवलं.
दोनशे मीटरला वळण असतं, म्हणून
बाहेरच्या पोराला पुढं उभं करायचं, आतल्याला मागं,
चुन्याच्या रेघा पायऱ्यांसारख्या.
दरवर्षी कुणाचा तरी बाप यायचा तावातावानं,
"माझ्या पोराला मागं का? एका रेघेत उभं करा सगळ्यांना!"
मी त्याला हाताला धरून वळणावरनं चालवायचो,
आधी आतनं, मग बाहेरनं,
पावलं मोजायला लावायचो
तो गप्प होईपर्यंत.

तीस वर्षं ओढलेली रेघ
जिन्याखाली चपलांजवळ ठेवून वर गेलो होतो.

आज फोन आला. गुरुवारी पुढचा प्रभाग आहे, येतासा न्हवं?
म्हटलं, येतो. पण खटका आता
उत्तर सुरू झाल्यावर दाबणार. बोटावर नाही.
"मग प्रोग्राम लांबतोय की ओ मास्तर. जाहिराती असतात."
म्हटलं, मग प्रश्न आखूड करा. दोघांचेही.

पलीकडं आवाज नाही. फोन चालू आहे.
सवयीनं माझा अंगठा खटक्यावर गेलाय.
बावीस. तेवीस.
बघतोय किती वेळ गप्प बसतो.