कळ

उजव्या खांद्यात एक कळ आहे.
कापूरहोळच्या अलीकडच्या खड्ड्यांवर ती जागी होते
आणि भोरला माझ्या आधी उतरते.

रद्दीवाल्या भंडारींच्या काट्यावर लॅपटॉप ठेवला:
चार्जरसकट दोन किलो सहाशे पन्नास.
"विकायचाय?"
नाही, म्हटलं, नुसतं कळायला हवं होतं.

माझं काम विहिरींचं.
टेप सोडायची, पाणी किती खाली ते वाचायचं,
कठड्यावर बसून आकडे भरायचे
आणि गावाला समजेल अशा मराठीत दोन पानं लिहून
शेवटच्या गाडीआधी ग्रामसेवकाच्या हवाली करायची.
मागच्या मार्चात, सासवडला,
हाताशी बावीस मिनिटं असताना पडद्यावर आलं:
अद्ययावत होत आहे, बंद करू नका.
एकतीस टक्के.
एकतीस टक्के.
गाडी गेली.
त्या रात्री स्टँडच्या बाकावर ठरवलं,
मला न विचारता स्वतःला बदलणारं काही
पाठीवर वाहायचं नाही.

म्हणून शनिवारी तापकीर गल्ली.
"लिनक्स? मॅडम, त्यात टॅली चालत नाही."
नकोच आहे.
"मग करणार काय त्यावर?"
तीन दुकानांत हेच. चौथ्यात निदान चहा मिळाला.

अखेर एका जिन्याच्या टोकाला इलियास तांबोळी.
पितळी पानडब्यात कात, चुना, सुपारीच्या जागी
तीन मापांचे स्क्रू.
त्याने एक जुना टॅबलेट काढला, कडेला पोचा आलेला.
मी पेनड्राइव्ह लावला.
काळ्यावर पांढऱ्या ओळी सरसर उतरल्या.
वायफाय सापडलं. आवाज आला. पडद्याने बोट ओळखलं.
आडवा धरला तरी चित्र उभंच, हट्टाने.
कॅमेरा नाही म्हणजे नाहीच.
विहिरीत वाकून बघायला मी आहे की, मी म्हटलं.
मग त्याला झोपवलं, तर उठेना.
इलियासने बटण दहा सेकंद दाबून धरलं,
शाळेच्या दिवशी पोराचं पांघरूण ओढावं तसं,
काहीतरी चार ओळी टंकल्या, पुन्हा झोपवला,
आणि आम्ही दोघं वाट बघत राहिलो.
उठला.

"कीबोर्ड कशाला वेगळा? पडद्यावर आहे की."
नाही. डिस्कला कुलूप घातलंय,
आणि पासवर्ड विचारला जातो तेव्हा
पडद्यावरचा कीबोर्ड अजून जन्मलेला नसतो.
किल्ली आत, मी बाहेर.
तो हसला. खाटेखालून खोकं ओढलं,
त्यातून घडीचा एक निघाला, कापडी पाठीचा.

इथे मी थांबले.
टी कोरी होती.
इंग्रजी टंकणाऱ्याची टी आधी जाते.
इथे गेली होती डी. गुळगुळीत, अक्षराचा मागमूस नाही,
मधोमध बोटाएवढी खोलगट.
मराठीत तिथे हलन्त असतो.
अक्षराचा पाय मोडायची कळ:
मोडला की ते पुढच्याच्या खांद्याला टेकतं
आणि दोघं मिळून चालू लागतात.
कुणाचा होता हा?
"माहीत नाही. असे पाच आले होते. हा एक चालला."
कुणीतरी कोर्टातलं असेल. किंवा पत्रं लिहिणारं.
इतक्या जोडाक्षरांनी कुणाशी बोलत असेल ते.

भाव केला नाही. चुकलंच, आई म्हणाली असती.

भंडारींच्या काट्यावर: नऊशे ऐंशी.
"आता तरी विकायचाय?"

मंगळवारी सव्वासहाची गाडी. खांद्यातली कळ उठलीच,
तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.
दुपारी कठड्यावर पॉवरबँक, मांडीवर तो पोचा आलेला,
चित्र अर्थातच उभं.
टेप ओली, साडेअकरा मीटर.
पहिला शब्द लिहिला: ग्रामस्थ.
दोनदा बोट त्या कळीवर गेलं.
दोन्ही वेळा तिथे
आधीच जागा केलेली होती.