शेवटच्या ओळीतलं नाव

पोस्टरं मीच रंगवायचो.
बुकोमच्या चौकातली, दीपगृहाच्या उतारावरची,
मासे धुरावणाऱ्या बायकांच्या भिंतींवरची,
सगळी माझ्या हातची.
त्या वर्षी लाल रंग महाग झाला होता,
म्हणून लाल फक्त लांकाईला.

ओडार्तेई लांकाई. एकतीस लढती, एकतीस विजय.
अक्षरं हातभर उंच.
ग्लोव्हज एवढे मोठे काढले
की मागे समुद्र काढायला जागा उरली नाही.

खाली, पोटभाडेकरूसारखं, दुसरं नाव. नखाएवढं.
खरा गडी लोमेहून यायचा होता, तो तापाने फणफणला;
दोन दिवस आधी कुणीतरी म्हणालं, तावियाला घाला.
घाईत माझ्याकडून एक अक्षर गळलं.
कुणी बोललं नाही. तोही नाही.

ताविया म्हणजे जुळ्यांच्या पाठचा.
जुळ्यांचं कौतुक गल्लीभर होतं,
याच्या वाट्याला त्यांचे उसवलेले सदरे.
लिंबूटिंबू.
खेळात घ्यायचा, पण धरायचा नाही.

वार मंगळवार.
मंगळवारी आमच्याकडे होड्या पाण्यात घालत नाहीत,
तेव्हा सगळे कोळी रिंगणाभोवती,
हातात जाळी नाहीत तर हातांचं करायचं काय
हे न कळलेले.
जिंकणार कोण यावर पैज घ्यायला कुणी तयार नव्हतं.
पैजा लागल्या कितव्या फेरीत पडेल यावर.
केंके विकणारी नाआ कोर्कोई म्हणाली,
पहिल्याच फेरीत पडू दे बाबा,
माल गरम आहे तोवर माणसं बाहेर येतील.

पहिल्या फेरीत पडला.
उठला.
तिसऱ्यात दोनदा पडला, आणि दोन्ही वेळा
चप्पल शोधणाऱ्या माणसासारखा
खाली बघत, सावकाश उठला.
लोक हसले. मीही हसलो.

सहाव्या फेरीतला तो डावा ठोसा
मी पाहिला नाही.
आता चाळीस वर्षांनी खोटं कशाला बोलू?
रंगाच्या डब्याचं झाकण खुर्चीखाली घरंगळलं होतं,
मी वाकलो होतो.
वर आलो तेव्हा लांकाईचा चेहरा दिसला फक्त:
कुणी भलत्याच नावाने हाक मारावी
आणि आपण ओ देऊन बसावं, तसा.
मग गुडघे. मग बाकीचा लांकाई.

एक, दोन, तीन लोकांनी ओरडून मोजले, मजेत.
पाचाला आवाज विरळ झाले.
सातापासून पंच एकटाच.
नऊ आणि दहाच्या मधे
जनरेटरची धडधड ऐकू येत होती,
आणि पलीकडे दर्या, ज्याची त्या दिवशी सुटी होती.

टाळ्या नाहीत. काहीच नाही.
ताविया वाकून त्याच्या काखेत हात घालत होता,
ऊठ ना, ऊठ ना म्हणत,
जणू मोठ्यांची वस्तू फुटली होती हातून.

आता ज्याला विचारावं तो म्हणतो,
मला वाटलंच होतं.
तीनशे खुर्च्या होत्या; आजवर
दोनेक हजार माणसं मला भेटली त्यांवर बसलेली.
मला वाटलं नव्हतं.
माझा पुरावा भिंतीवर आहे,
तेलाच्या जाहिरातीखाली, प्रार्थनासभेखाली,
मोबाइल कंपनीच्या पिवळ्याखाली.
खाऱ्या वाऱ्याने पापुद्रे सुटतात,
मग अधूनमधून तो वर येतो.

परवा लांकाई आला. टायरचं दुकान आहे त्याचं,
एका कानाने ऐकू येत नाही.
स्वतःच्या हातभर नावाकडे त्याने बघितलंही नाही.
कमरेवर हात ठेवून, कण्हत, खाली बसला
आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं.
इथे एक अक्षर कमी आहे.
माहीत आहे, म्हटलं.
मग?
मी ब्रश पुढे केला, काळ्यात बुडवलेला.
त्याने तो पुसला, चांगला कोरडा होईपर्यंत.

लाल दे, म्हणाला.

लाल अजूनही महाग आहे.