दोन थाऊ

सोमवारी उद्यमनगरात पट्टे थांबतात.
समोरच्या फाउंड्रीची धडधड नाही,
म्हणून हे काम अब्बा सोमवारीच काढायचे.
नेजदारांची चाळीस पुंगळ्यांची पिशवी,
परवान्याची झेरॉक्स सुतळीनं बांधलेली,
आणि एक अट, दोघांनीही कधी न मोडलेली:
दारू आमच्या दारात नाही.
इथं फक्त पितळ.

ती रायफल कुठल्याच कंपनीच्या यादीत नव्हती.
नेजदारांनी स्वतः कागदावर आखलेली,
दस्ता आजऱ्याकडच्या शिसवाचा,
गोळी इतकी बारकी
की अब्बांनी विचारलं, साहेब, हिनं माशा मारायच्या काय?
कागद, नेजदार म्हणाले.
दोनशे मीटरवरचा कागद.

असल्या बंदुकीला पुंगळी विकत मिळत नाही.
थोरलीला धाकटी करावी लागते.

मान, खांदा, अंग, बूड.
मानेला हात घालायचा तर आधी ओळख हवी,
तसं एरंडेल लावायचे अब्बा,
अंगठ्याच्या पेरानं, पुसल्यासारखं.
तेल जास्त झालं की खांद्याला खळी पडते.
"गालावर शोभते, इथं नाही."
मी हसले की माझ्या खळीवर बोट ठेवून
व्हर्नियर माझ्या हातात द्यायचे.

पहिली डाय. दुसरी. तिसरी.
एका दमात आवळली तर मान चुरगळते,
म्हणून तीन पायऱ्या, आणि मधे चहा.
चहा शिट्टीनं यायचा.

पितळ दाबलं की ऐकतं,
पण डायमधून बाहेर आलं की
दोन थाऊ मागं सरकतं.
दर वेळी.
"एवढं त्याचं त्याला ठेवायचं," म्हणायचे अब्बा,
आणि डाय दोन थाऊ बारीक कापायचे.

दाबून दाबून पितळ हट्टाला पेटतं.
मग शटर अर्धं ओढून अंधार,
परातीत गुडघाभर पाण्यात उभ्या चाळीस जणी,
आणि निळ्या ज्योतीत नुसती मान.
लाल होऊ द्यायची नाही.
लालीच्या अलीकडं एक रंग आहे.
मी त्याचं नाव विचारलं.
बघ, म्हणाले.
बघेपर्यंत चिमट्यानं आडवी. चर्र.
परत बघ.
मी नववीत होते.
तो रंग मला बारावीत दिसला.

एवढं करूनही माप अंदाजेच.
खरं माप बंदूक देते:
पहिल्या बाराला पितळ फुगतं,
आतल्या भिंतींना जाऊन टेकतं
आणि ते घर पाठ करून बाहेर येतं.
मग दुसऱ्या कुठल्या बंदुकीत
ते बसत नाही.

नेजदार गेले.
पोरगा हिंजवडीत, त्याला परवाना नको होता.
रायफल ठाण्यात जमा झाली. पुढं कुणी म्हणालं,
कापली गॅसनं.
अब्बांनी लेथ बंद केलं.
"कुठून कापली?"
म्हणजे?
"नळीतून, का घरातून?"
सांगणाऱ्याला प्रश्नच कळला नाही.

आमच्याकडं राहिलेल्या चाळीस
फडक्यात आठ वर्षं पडून होत्या.
आता अब्बांचा हात दोन थाऊंपेक्षा जास्त हलतो,
मायक्रोमीटर मी धरते,
ते फक्त आकडा ऐकतात आणि मान हलवतात,
कधी आकडा सांगायच्या आधीच.

परवा भंगारवाला आला, मीच बोलावला.
काट्यावर पिशवी ठेवली.
पाव किलोला दहा ग्रॅम कमी.
पाव किलोच धरतो, तो म्हणाला.
अब्बा उठले,
पिशवीत हात घालून एक काढली,
खालच्या ओठाला टेकवून फुंकली.
बारीक, कडक.

समोरच्या टपरीवरनं कृष्णातच्या पोरानं
बोटं वर केली: किती?

अब्बांनी तीन दाखवली.
भंगारवाल्याला धरून.