प्रश्न सातवा

"प्रत्येक माणसाला वर्षाचा कार्बन मोजून द्यावा का?
हो, नाही, सांगता येत नाही."
रोवानिएमीच्या कचेरीत, कानाला हेडफोन लावून
आज हे मी एकेचाळीस वेळा विचारलं.

वेइक्को म्हणाले, हो, बेलाशक. पण आधी
हेलसिंकीवाल्यांना. त्यांच्या दाराशी ट्राम आहे.
हेलसिंकीच्या बाई म्हणाल्या, हो, पण आधी
ते उत्तरेकडचे, बर्फावर मोटारी पळवणारे.
एकानं विचारलं, श्वासही मोजणार?
मी खुणा करत गेले.

मग आउलिक्की. वय एक्क्याऐंशी. साल्लाच्या पलीकडून.
थांब हं, सौनात लाकूड घालून येते.
चार मिनिटं मी एका रिकाम्या घराचं घड्याळ ऐकलं.

परत येऊन म्हणाल्या,
युद्धानंतर कॉफी रेशनवर होती.
कार्डाची कड कातरत जायची.
आई राय भाजून उकळायची आणि तिलाच कॉफी म्हणायची.
कुरकुर? होती की, गावभर.
पण पाद्रींच्या बायकोच्या कपालाही
तोच करपट वास होता.
सात वर्षांची होते, स्वतः हुंगून आले.
तुमच्या या कार्डात
मोठ्यांचे कप हुंगायची सोय आहे का, पोरी?
असेल तर हो लिही.

असं लिहायला चौकट नव्हती.
"सांगता येत नाही"वर बोट नेलं, मागे घेतलं.

पुढचा नंबर आपोआप लागला.
पडद्याच्या कोपऱ्यात, दुसऱ्या खिडकीत,
तेनेरिफेचं माझं तिकीट,
अजून पैसे न भरलेलं.