फरक स्पष्ट करा

गंगाखेडला बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा तास,
दुपारी अडीचचा, चैत्रातला.
लाईट गेलेली. पंख्याच्या पात्यावर चिमणीचं गवत.
मी तासिका तत्त्वावर, म्हणजे
शिकवलं तेवढ्याचेच पैसे, तेही दिवाळीनंतर.

फळ्याच्या मधोमध नदी ओढली.
ही कांगो, म्हटलं.
वरच्या काठाला चिंपांझी, खालच्या काठाला बोनोबो.
दोघांनाही पोहता येत नाही.
दहा-वीस लाख वर्षं झाली,
भावकी तुटली ती तुटलीच.
खिडकीबाहेर आपली गंगा,
तिच्यातून ट्रॅक्टर चाललेले वाळू भरून.
पोहायचा प्रश्नच नव्हता.

आता लिहून घ्या.
वरच्या काठाला नरांचं राज्य.
ते रांगेनं शिवेवर फिरतात, आवाज न करता,
शेजारचा एकटा सापडला की संपवतात.
मादी माजावर आली की सूज दिसते,
मग पहारा, मग मार,
आणि कधी कधी दुसऱ्याचं लेकरू
आईच्या पोटाशी धरलेलं ओढून घेतात.
(पुढच्या बाकावरच्या पोरींनी
मान वर केली नाही.)

खालच्या काठाला माद्या एकत्र बसतात.
फळांचं झाड सापडलं की आधी नुसता कालवा,
मग भांडण व्हायच्या आत त्या एकमेकींना...
पुस्तकात हे दोन शब्दांत उरकलंय: तणाव निवारण.
मी फळ्याकडं वळले आणि फळ्यालाच सांगितलं सगळं,
काय, कुणाकुणात, किती वेळ.
मागं संदिपान रूपनरचा पेन पडला
आणि बराच वेळ कुणी उचलला नाही.

सूज तिथंही असते, पण इतके दिवस
की खरी वेळ कोणती, नराला उमगत नाही.
लेकरू कुणाचं ते ठरत नाही.
म्हणून कुणी कुणाचं लेकरू मारल्याचं
अजून तरी दिसलेलं नाही.
"अजून तरी"खाली रेघ मारा.
आणि त्यांना संत करू नका.
एखादा नर अंगावर आला तर चौघीजणी मिळून
त्याचं बोट तोडतात.

"मॅडम," मनकर्णा दहिफळे म्हणाली,
वर्षभरात पहिल्यांदा,
"घर सोडून कोन जातं? पोरगं का पोरगी?"
पोरगी.
"कोनत्या काठाला?"
दोन्ही.
तिनं वहीत दोन्ही रकान्यांत काहीतरी लिहिलं.
वैशाखात तिचं लग्न, परळीकडं कुठंतरी,
हे मला ठाऊक होतं.

मग अभ्यासक्रमात नसलेलं सांगितलं.
खालच्या काठाची पोरगी नव्या टोळीत येते ना,
ती आधी नराकडं जात नाही.
एक म्हातारी हेरते. चार हात लांब बसते.
नुसती बघत राहते.
मग सरकत सरकत तिच्या केसांत बोटं घालते.
म्हातारीनं घालू दिली, की राहिली.

मी सोनपेठला नांदायला आले तेव्हा
(हे नाही सांगितलं)
न्हाणीमागं चुलत सासू बसायच्या, गिरजाबाई,
पांढऱ्या कपाळाच्या, कुणी हाक न मारणाऱ्या.
तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, माय, जरा डोकं बघ गं.
उवा नव्हत्याच.
मी तासभर शोधत राहिले
आणि त्यांनी सांगितलं
पिठाचा डबा कुठं असतो, हात कुणाचा उठतो,
कोणत्या दाराला आतून कडी आहे.

घंटा झाली.
फळा पुसताना नदी आधी गेली.
वळून बघितलं तर वर्ग रिकामा,
नुसती मनकर्णा बाकावर
आणि तिच्यामागं शेख नसरीन,
तिची वेणी सोडून पुन्हा घालत होती,
मधूनच कानाशी काही.

मी नोंदवहीत लिहिलं:
मानवसदृश कपी, तुलना. तास एक.