रंगाचा रकाना

टी.वाय. आयटीचा प्रोजेक्ट. ऑनलाइन दुकान.
रुजुता म्हणाली, मोबाइलची कव्हरं विकू, सगळे तेच विकतात.
मी म्हणाले, ब्लाउजपीस.
आई बावीस वर्षं गोखले रोडच्या मॅचिंग सेंटरात उभी आहे.
उभीच. स्टूल आहे, पण ते गिऱ्हाइकाचं.

पहिल्या आठवड्यात लॉगिन झालं, पिशवी झाली.
कार्टला आम्ही पिशवीच म्हटलं होतं,
गाइड सर म्हणाले, बदला. बदललं.
मग डेटाबेस.
कापड: टू बाय टू, रुबिया, पॉपलीन.
लांबी: ऐंशी सेंटिमीटर, एक मीटर.
रंग.

रुजुतानं भरलं: लाल एक, लाल दोन, लाल तीन,
असे एकोणीस.
आईनं चहाचा कप तसाच हातात धरून वाचलं.
"ही काय हजेरी आहे?"
मग ती बोलत गेली, मी टाइप करत गेले:
कुंकवी, डाळिंबी, विटकरी, किरमिजी,
आमसुली, पण सुकं आमसूल, भिजवलेलं नव्हे,
राणी, फिकी राणी,
कोनफळी, वांगी, वांग्याच्या देठाजवळचा
जरा पांढुरका असतो ना, तो.
रात्री साडेदहाला ती कुकर उतरवायला उठली
तेव्हा एकशे बेचाळीस ओळी झाल्या होत्या
आणि हिरवा अजून सुरूच व्हायचा होता.

नावापुढे सहा अक्षरांचा कोड लागतो.
मशीनला एक कोटी सदुसष्ट लाख रंग येतात,
त्यातल्या एकालाही श्रीखंडी म्हणून हाक मारली
तर तो वळून बघत नाही.

अबोलीवर अडलो.
सोमवार, आईचं दुकान बंद. मी आकडे बदलायची,
ती मान हलवायची.
पिवळं जास्त झालं.
आता आजारी दिसतंय.
आता बरंय, पण ही कालच्या गजऱ्यातली.

शेवटी तिनं लॅपटॉप उचलला, दोन्ही हातांवर आडवा,
ठाण उचलते तसा,
आणि चार्जरची वायर ओढत गॅलरीत गेली.
दुकानात ती हेच करते.
ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नाही.
गिऱ्हाइकाचा पदर आणि हातातला तुकडा घेऊन पायरीवर जाते,
फुटपाथवरच्या उन्हात दोन्ही एकत्र धरते,
मागून रिक्षा हॉर्न देत राहते,
भानुशालीशेठ गल्ल्यावरून ओरडतात, कुंदाताई, लवकर.

किसननगरचं दुपारचं ऊन.
स्क्रीन काळी पडली.
तिच्यात आई दिसली, मागे वाळत घातलेल्या चादरी,
समोरच्या बिल्डिंगवरची टाकी.
अबोली नाही.
तिनं लॅपटॉप जरा तिरका केला, घडी मोडावी तसा.
"उन्हात रंग जातो, माहितेय," ती म्हणाली.
"पण इतक्यात?"

मग आम्ही खाली बारीक अक्षरात लिहिलं:
प्रत्यक्ष रंगात थोडा फरक असू शकतो.
सगळेच लिहितात, असं रुजुता म्हणाली.
आईनं विचारलं, मग विकता कशाला?
याचं उत्तर ब्लॅक बुकात कुठल्या प्रकरणात घालायचं
कळलं नाही.

व्हायवाला बाहेरच्या कॉलेजच्या मॅडम.
पेमेंट डमी आहे? हो मॅडम.
साइट कुठे चढवली नाही? नाही मॅडम, याच लॅपटॉपवर चालते.
रुजुता पाठ केलेलं सगळं नीट सांगत होती.
मी मॅडमच्या बाहीकडे बघत होते.
मोतिया साडी, अबोली काठ, ब्लाउज गाजरी.
अर्ध्या छटेची चूक. पण चूक.
हे मला कधीपासून दिसायला लागलं?

त्या स्क्रोल करत गेल्या. लाल संपले.
अबोलीपाशी बोट थांबलं.
एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा स्वतःच्या बाहीकडे.
"हे दुकान खरं आहे का?"
आवाज जरा खाली आणून.

रुजुता म्हणाली, मॅडम, डेटा सॅम्पल आहे.
मी म्हणाले, गोखले रोडला.
साडी घेऊन या.
चारच्या आत या,
नंतर पायरीवर ऊन नसतं.